तिकडच्या कोर्टात इंदूबाई

दोन देशांची दोस्ती म्हणजे सोयरिकीसारखीच. बैठक मोठ्यांची होते, फोटो मोठ्यांचे निघतात, आणि पंगत उठल्यावर भांडी घासायला तिसरंच कुणीतरी बसलेलं असतं. आपल्या आणि दूरच्या एका मित्रदेशाच्या पोलिसांनी दहशतवाद्यांविरुद्ध हातात हात घालायचं ठरवलं, तेव्हा ढाणकीजवळच्या खेड्यातली इंदूबाई खरोखरच भांडी घासत होती. त्या देशाचं नाव तिला शेवटपर्यंत धड घेता आलं नाही. ती आपली ‘तिकडलं सरकार’ म्हणायची.

कापसाचे दिवस फिरले होते. बोंडं अळीनं पोखरली, उरलेल्याला भाव नाही, मग वेचणीला बाया कोण बोलावणार? इंदूबाई आणि शेजारच्या तांड्यावरची गंगी दोघी शहरात गेल्या आणि एका खानावळीत लागल्या. इंदूबाई बौद्ध, गंगी बंजारा. गावात राहिल्या असत्या तर बाजारापुरती ओळख राहिली असती. शहरात एका गोधडीत झोपल्या. गंगी तांड्यावरच्या आपल्या आईला, लालीबाईला, ‘याडी’ म्हणे. इंदूबाईला आई नव्हती, तीही याडीच म्हणू लागली.

एके दिवशी त्या खानावळीत बॉम्बस्फोट झाला. जेवायला बसलेली माणसं गेली, त्यांत त्या मित्रदेशाचे पाहुणे होते. ताटं घेऊन बाहेर गेलेली गंगीही गेली. इंदूबाई मागच्या अंगणात पाणी भरत होती म्हणून वाचली.

वाचली खरी, पण एक गोष्ट पोटात घेऊन. ज्या माणसानं बॉम्बची बॅग ठेवली, त्याला ‘ठेव’ असं तिनंच म्हटलं होतं. तो मोरीच्या दारात आला, पाणी मागितलं, प्यायला, आणि ग्लास स्वतः विसळून कठड्यावर पालथा घातला. इंदूबाईचं काळीज तिथंच विरघळलं. तिच्या लहानपणी गावच्या हॉटेलात तिच्या बापाचा कप वेगळा असे. चहा पिऊन त्यानंच तो विसळायचा आणि पालथा घालायचा. तिला वाटलं, हाही आपल्यातलाच कुणी गरीब, जुनी सवय अजून न सुटलेला. म्हणून ‘बॅग ठेवू का, जेवून येतो’ असं त्यानं विचारताच तिनं त्याला काउंटरखालची, बायांची गाठोडी ठेवायची जागा दाखवली. पाणी प्यायलेल्या माणसाचं आणि त्याच्या ग्लासाचं तिनं पोलिसांना सांगितलं, पण बॅगेचं नाही, आणि लालीबाईला तर नाहीच नाही. पोलिसांचा मार तिनं सोसला असता. याडीनं तोंड फिरवलेलं तिला सोसवलं नसतं.

पुढं तो माणूस तिकडं त्या देशात पकडला गेला. आपल्या पोलिसांनी मोरीवरच्या ग्लासावरून बोटाचा ठसा घेतला होता, तो तिकडच्या पोलिसांनी जुळवून पाहिला आणि जुळला. ठसा इकडं, माणूस तिकडं! मग काय, रुसवेफुगवे सुरू झाले. तो ग्लास त्याचाच हे कोर्टात सांगायला त्यांना इंदूबाई विमानानं हवी होती, आपल्यांना ती पाठवायची नव्हती. ते म्हणत आमचा कायदा, हे म्हणत आमचा. कुणाचं नाक वर, कुणाचं त्याहून वर. शेवटी दोन्हीकडच्या शहाण्या अधिकाऱ्यांनी तोडगा काढला, की बाईनं यवतमाळात बसावं आणि साक्ष पडद्यावरून तिकडच्या कोर्टानं ऐकावी.

स्फोटानंतर इंदूबाई गावी परतली होती, तिथं तिला न्यायला जमादार पंजाबराव आले. माणूस चांगला, पण धास्तीखोर. गाडीत बसल्याबरोबर त्यांनी शिकवणी लावली.

“बाई, इचारलं तेवढंच सांगजा. जास्त बोलसान तं अख्खी केस बोंबलन.”

हे ऐकून इंदूबाईच्या जिवात जीव आला. तिला बॅगेचं कोण विचारतंय! पण गाडी तांड्यावरून निघाली तर लालीबाई रस्त्यातच उभी होती. “माह्या लेकीची केस हाय. मले काहून नाही नेत?” असं म्हणत ती चढूनही बसली. साक्षीच्या खोलीत ती इंदूबाईच्या अगदी मागं बसली.

पडद्यावर तिकडच्या न्यायाधीशबाई दिसल्या. दुभाष्यानं शपथ सांगितली, “ईश्वराला साक्षी ठेवून...”

“नाही जी,” इंदूबाई म्हणाली. “आमी बाबासाहेबाची लेकरं. देवाची शपथ आमी घेत नाही.”

पंजाबराव पुढं वाकून कुजबुजले. “म्हणून टाका ना बाई! दोन देशाईचे साहेब एवढे झगडले अन् तुमी...”

“खोटी शपथ घेऊन खरं कसं बोलू?”

न्यायाधीशबाई रागावल्या नाहीत. त्यांनी दुभाष्याकरवी विचारलं, “मग कोणत्या शब्दानं तुम्ही खरं बोलायला बांधल्या जाल?”

इंदूबाईनं हात जोडले आणि म्हटलं, “मुसावादा वेरमणी सिक्खापदं समादियामि.” खोटं बोलण्यापासून मी दूर राहीन. पंचशीलातलं चौथं शील. विहारात तिनं ते जन्मभर म्हटलं होतं, अर्धं लक्ष चुलीवरच्या वरणाकडं ठेवून. आज मात्र ते तोंडातून निघालं आणि तिच्या लक्षात आलं, की दुसऱ्या कुणी नाही, आपणच आपल्याला बांधून घेतलंय.

आरोपीचा वकील गोड बोलणारा होता. तो म्हणाला, माझा अशील सकाळी गिऱ्हाईक म्हणून तिथं जेवून गेला, ठसा तेव्हाचा असेल. खानावळीतले ग्लास सगळीकडं फिरतात, खरं ना?

‘हो’ म्हटलं की सुटली. ग्लास फिरतात हे काही खोटं नव्हतं. पाठीमागं लालीबाईच्या हातातली बलोयी किणकिणली. कोपरापासून वरपर्यंत भरलेल्या त्या पांढऱ्या बांगड्यांचा आवाज इंदूबाई न बघताही ओळखायची.

“फिरतात जी,” ती म्हणाली. “पण थो गिलास नाही फिरला. गिऱ्हाइकाचे गिलास आमी धुतो अन् टोपल्यात टाकतो. थो त्यानं सोता इसळला अन् कठड्यावर पालथा घातला, माह्यासमोर. अन् मंग बॅग ठिवू काय म्हणून इचारलं. अन् मीनंच म्हटलं, ठिव बापा. जागाबी मीनंच दाखवली. गंगी माह्यामुळं मेली.”

आणि ती ढसाढसा रडली. दुभाष्यानं सगळं जसंच्या तसं तिकडं पोचवलं. वकील कागद आवरून खाली बसला.

परतीच्या वाटेवर लालीबाई खिडकीकडं तोंड करून बसली. तांड्यापाशी उतरली आणि मागं न बघता गेली. त्यानंतर बाजारात इंदूबाई दिसली की ती रस्ता बदलायची. इंदूबाई वाट बघत राहिली. दुसरं करणार तरी काय?

पुढच्या कापसाला बोंडं धरली तेव्हा पंजाबराव धापा टाकत आले. तिकडच्या कोर्टानं त्या माणसाला जन्मठेप दिली होती. न्यायाधीशबाईंनी निकालात म्हटलं होतं, की जी साक्षीदार स्वतःवरचा दोषही लपवत नाही, तिच्यावर आम्ही विश्वास ठेवतो. आता दोन्हीकडचे पोलीस म्हणे पुढच्या साक्षी अशाच घेणार होते, रुसवेफुगवे न करता. “लालीबाईले मी सांगतो,” पंजाबराव म्हणाले.

“नाही भाऊ. मीच जातो.”

लालीबाई अंगणात चुलीसाठी पऱ्हाट्या, कापसाची वाळकी झाडं, मोडत बसली होती. इंदूबाई कुंपणाशीच थांबली.

“याडी, त्याले सजा झाली.”

लालीबाईनं मान वर केली नाही. हातातली काडी मोडली, आणखी एक मोडली.

“मीनं लय इचार केला,” ती म्हणाली. “तुह्या जागी माही गंगी असती तं तिनं काय म्हटलं असतं? तिनंबी म्हटलं असतं, ठिव बापा. तशीच होती माही पोर.” मग तिनं काट्याकुट्या बाजूला सारून जागा केली. “बस. परक्यावानी उभी काहून हायेस?”

इंदूबाई बसली. गंगी गेल्यापासून पहिल्यांदाच दोघी मिळून तिच्यासाठी रडल्या.