खिडकीचं पोस्टकार्ड

अक्षरांशी ज्यांचं जमत नाही अशा मोठ्या माणसांना वाचायला शिकवलं, की घरात दोन गोष्टी साठतात. जुनी पोस्टकार्डं आणि किस्से! पोस्टकार्डाला मी मधोमध खिडकी कापायची. ते ओळीवर ठेवलं की एका वेळी एकच शब्द दिसतो, बाकीचे गप्प बसतात. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. काळाचौकीतल्या एका खोलीत दर रविवारी सकाळी माझा वर्ग भरे. 'डिस्लेक्सिया' हा शब्द मी कित्येक वर्षांनी ऐकला. तेव्हा अशा माणसाला सरळ 'ढ' म्हणत.

*

जानकीमावशी दादरला मासळी विकायची. महिनाभरात ती धडे घडाघडा वाचू लागली. मी हरखले! एकदा माझ्याकडून चुकून दोन पानं एकदम उलटली, तरी मावशी मधल्याच पानावरचं वाचतेय. ऐकून ऐकून सगळं पाठ! मी डोळे वटारले तर म्हणते, "पान तू चुकलीस बाय, मी नाय!"

*

मग तिला वाळूत बोटानं गिरवायला लावलं. डोळे मिटून 'घ' अगदी सुबक यायचा, डोळे उघडून काढला की 'ध'. मावशी वैतागली. "मेले डोलेच लबाड! पुढच्या रविवारी त्यांना घरीच ठेवून येते!"

*

भिकाजी कांबळे गिरणीत सूतखात्यात होता. वर्गात सगळ्यांत हुशार, पण मास्तरांनी चौथीतच 'ढ' ठरवून घरी बसवलेला. त्याचं मागणं एकच. "बाई, एकदा चारचौघांत न अडखळता वाचायचंय."

त्याला परळच्या एका डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "नजर उत्तम, बुद्धी उत्तम. अक्षरं ओळखायची वाट जरा वेगळी आहे, एवढंच."

भिकाजी ढसाढसा रडला. मलाही केवढं हलकं वाटलं! डोळे पुसून तो म्हणाला, "हे लिहून द्या." डॉक्टरांनी दिलं. जिन्यात मी चिठ्ठी उघडली, उलटसुलट केली, पण एक अक्षर लागेना.

भिकाजी हळूच म्हणाला, "बाई, तुम्हालापण?"

*

पुढे लालबागला जमावबंदी लागली. वर्ग सुटल्यावर भिकाजी आणि मी निघालो, तर नाक्यावर पोलिसांनी अडवलं. त्याच्या खिशात पोस्टकार्ड सापडलं. मध्ये भोक, मागे घ, ध, घ, ध.

"गुप्त खुणा काय रे?" जमादारानं दरडावलं.

"वाचायचं कार्ड आहे, साहेब."

"असं? मग वाच ती भिंतीवरची नोटीस. नाहीतर चल चौकीवर!"

माझा जीव टांगणीला लागला. अनोळखी माणसांपुढे भिकाजीनं कधीच वाचलं नव्हतं. सगळे शिपाई गोळा झाले. त्यानं कार्ड नोटिशीवर टेकवलं आणि खिडकी एकेक शब्द पुढे सरकवू लागला.

"पाच... अथवा... अधिक... इसमांनी... एकत्र... जमू... नये."

एकदाही अडखळला नाही! मग त्यानं वळून शिपायांकडे पाहिलं, बोटानं मोजलं आणि अदबीनं म्हणाला,

"साहेब, तुम्ही सहाजण आहात."