युरिया वाचून पाणावलेले डोळे

“वाचलं हं मी तुमचं. डोळे पाणावले,” सर म्हणाले, आणि खरोखर चष्मा काढून पुसला.

धुळ्यात, देवपूरला, सरांचा हॉल. पंधरा-सोळा लिहिणारे जमलेले. सोफ्यावर प्राध्यापक मंडळी, खुर्च्यांवर शिक्षक, दाराजवळच्या स्टुलावर मी. पहूरहून दोन बसेस बदलून आले होते.

आमचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, सर तो चालवतात. ज्याचं पुस्तक तयार होतं त्याने पहिलं प्रकरण टाकायचं. बाकीच्यांनी ते वाचायचं आणि ऑनलाइन दुकानं धुंडाळून त्याच्या जवळची पुस्तकं शोधून द्यायची. कारण प्रकाशकाच्या फॉर्मवर विचारतात, तुमच्या पुस्तकासारखी अलीकडची तीन पुस्तकं कोणती? तो रकाना रिकामा असला तर हस्तलिखित उघडतही नाहीत.

दोन वर्षं मी सगळ्यांसाठी शोधलं. कुणाच्या गझला, कुणाचं प्रवासवर्णन. मी कृषी सेवा केंद्रात बिलं करते. गिऱ्हाईक नसलं की एकेकाचं अख्खं प्रकरण वाचायचे, मगच नावं सुचवायचे. आता पाळी माझी होती. फॉर्मची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती.

सरांनी तीन नावं वाचून दाखवली. तिन्ही दुःखाची आत्मकथनं. एकात उपासमार, दुसऱ्यात मारझोड, तिसऱ्यात दोन्ही. ती पुस्तकं मी वाचलीत. मोठी आहेत. पण माझं पुस्तक ते नव्हतं.

“सर, माझी रहस्यकथा आहे,” मी म्हणाले.

हॉल हसला. सोफ्यावरच्या मॅडम म्हणाल्या, “अगं, रहस्यकथा कुणीही लिहील. तू तुमच्या लोकांचं लिही.”

तुमच्या लोकांचं. म्हणजे माझं आडनाव तेवढं सगळ्यांनी नीट वाचलं होतं. आडनावावरून जात, जातीवरून पुस्तक. शाळेत गॅदरिंगला राणीचं नाटक होतं. बाईंनी माझ्याकडे न बघताच मला झाडू दिला होता. मी तो रंगमंच कोपऱ्याकोपऱ्यातून झाडला होता. टाळ्याही पडल्या होत्या.

शेजारच्या खुर्चीवर नाना होते. शिंदखेड्याकडचे शेतकरी, भुताच्या गोष्टी लिहितात. ते माझ्याकडे झुकले. “ताई, तुन्ही फाईल मी उघाडी. ती तं केळीन्या खतनी यादी शे. काल तुले फोन करा, तू उचला नही.”

मी मोबाइल उघडला. खरंच. दुकानातून रोज शेतकऱ्यांना पाठवते तीच यादी. माझं बोट चुकलं होतं. खाली अकरा जणांचे मेसेज. “अंगावर काटा आला.” “अस्सल.” “भोगलेलं आहे, दिसतंच.”

आधी मलाच लाज वाटली. गप्प बसावं, घरी जावं असं वाटलं. मग डोकं तापलं. अकरा जण. त्यातल्या सात जणांची प्रकरणं मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचली होती.

मी उभी राहिले.

“सर, डोळे कुठल्या ओळीला पाणावले? मी वाचते, तुम्ही थांबवा.”

आणि मोठ्याने वाचलं. “युरिया बुंध्यापासून वीतभर लांब टाकावा. टाकल्यावर लगेच पाणी द्यावे. पिवळी पाने कापून बागेबाहेर न्यावीत.”

कुणी थांबवलं नाही. फक्त नाना हसले. “बठ्ठा खोटं बोलनात!” म्हणजे सगळेच.

“मुद्दाम चुकीची फाईल पाठवून आमची परीक्षा घेतेस?” सर अहोजाहोवरून एकदम तूवर आले. मग आवाज खाली आणून नावांचा कागद माझ्या हातात दिला. “हे बघ, हीच तीन नावं टाक. आत्मकथन म्हण. प्रकाशक माझ्या ओळखीचा आहे, शब्द टाकतो. पुस्तक येईल.”

पुस्तक येईल. खोटं कशाला सांगू, मोह झाला. चाळिशी ओलांडली माझी. मुखपृष्ठावर आपलं नाव मलाही बघायचं आहे. पण त्या पुस्तकात मंदा नसती. मंदा माझी नायिका. केळीच्या वजनकाट्यावर बसते. रडत नाही. चोर पकडते.

“नको सर. जे उघडलं नाही त्याच्यासाठी शब्द टाकू नका.” त्यांचा कागद मी टीपॉयवर ठेवला. मी निघाले, नानाही मागोमाग आले. 

बसस्टँडच्या बाकावर नानांना माझं खरं पहिलं पान वाचून दाखवलं. केळी उतरवून ट्रक परत काट्यावर येतो, आणि रिकाम्या ट्रकचं वजनही भरलेल्या ट्रकइतकंच भरतं. नानांनी विचारलं, “मंग ट्रकमा काय व्हतं?”

दोन वर्षांत माझ्या लिखाणाबद्दल मला कुणी विचारलेला तो पहिला प्रश्न.

मग दोघांनी दोन मोबाइलवर शोधलं. चार गाड्या सोडल्या. तीन रहस्यकथा सापडल्या. प्रत्येकीची नमुन्याची पानं वाचली, मगच रकान्यात नावं लिहिली. प्रकार, रहस्यकथा. फॉर्म पाठवला. छापतील का, माहीत नाही. सरांचा शब्द त्याच्यामागे नाही, एवढं माहीत आहे.

मी ग्रुप सोडलेला नाही. पुढच्या बैठकीलाही जाणार आहे, आणि दाराजवळच्या स्टुलावर बसणार नाही. माझं लिखाण वाचलं म्हणणाऱ्याला तिथेच, सगळ्यांसमोर विचारणार, पहिल्या पानावर काय आहे?

सांगता आलं तर बोलू. नाही आलं तर गप्प बसायचं. मी नाही. त्यांनी.