फॅमिलीशिवाय कुब्बर बेट

कुवेतमध्ये माणूस बॅचलर आहे की नाही, हे त्याच्या लग्नावरून ठरत नाही. बायको इथे असेल तर तुम्ही फॅमिली. बायको गावी असेल तर तुम्ही बॅचलर, मग भले डोक्यावर एक काळा केस उरलेला नसो. मी पन्नाशी ओलांडलेला, सरकारी इस्पितळात एक्स-रे काढणारा, फरवानियात राहणारा असाच एक बॅचलर आहे. बायको वैशाली साताऱ्याला असते.

माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या म्हणून ती दोन वर्षांपूर्वी गेली. तिचा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, मधल्या काळात रद्द झाला. गेल्या दिवाळीनंतर सासूबाईही गेल्या. मला वाटलं, आता ही परत येईल. तिने येते म्हटलं नाही, येत नाही असंही म्हटलं नाही. मीही विचारलं नाही. रोज फोनवर आम्ही भाजी काय केली यावर बोलत राहिलो.

तिला कॅरिबियन बेटं पाहायची हौस होती. सालमियातल्या एका दातांच्या दवाखान्यात तसल्या बेटाचा फोटो होता, निळंहिरवं पाणी आणि पांढरी वाळू. “एकदा इथे न्या हो,” ती दाढ धरून म्हणाली होती. विमानाचे दर पाहून माझीच दाढ दुखायला लागली. मग या मार्चमध्ये कुब्बर बेटाच्या सहलीची जाहिरात दिसली. पाणी अगदी तसंच. मी हरखलो, दोन जागा पकडल्या आणि तिच्या व्हिजिट व्हिसाची कागदपत्रं जुळवायला घेतली.

“आत्ता नको हो,” ती म्हणाली. “मुलांच्या परीक्षा आहेत.”

आम्हाला मूल नाही. ही मुलं तिच्या शिकवणीची. माहेरच्या पुढच्या खोलीत ती हल्ली शिकवण्या घेते.

सहलीच्या आयोजकाला फोन करून एक जागा कमी करा म्हटलं, तर तो गंभीर झाला. “सर, फॅमिली ट्रिप है. अकेला बॅचलर अलाउड नहीं.” मी रागाने फोन ठेवला आणि आमच्या इमारतीखालच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, जाऊन कुरकुर केली. दुकान रफीकभाईंचं. मूळचे दापोलीकडचे. ते, जुबेदाभाभी आणि त्यांची मुलगी सना त्याच सहलीला निघाले होते. भाभी आतूनच म्हणाल्या, “आमच्याबरोबर चला, भाऊ. आमी काय फॅमिली नाय?”

जाणाऱ्यांसाठी कामाचं सांगतो. बोटी खिरानहून सुटतात, फहाहीलहूनही सुटतात. आमची खिरानची होती. तिकडे बसने जायच्या भानगडीत पडू नका. गाडी हवी, आणि शुक्रवारी पहाटे निघालात तर तासाभरात पोचता. माणशी वीस-एक दिनार पडतात, मोठा कंपू असेल तर कमी. सिव्हिल आयडी जवळ ठेवा. बेटावर दुकान नाही, नळ नाही, झाड म्हणावं असं झाड नाही, आणि ज्यांची सर्वात आधी आठवण येते ते संडासही नाहीत. पाणी, टोपी आणि सावलीसाठी छत्री न्या. वारा सुटला तर सहल रद्द होते, त्यामुळे आदल्या दिवशी फोन करून खात्री करा.

धक्क्यावर आयोजकाने माझा आयडी पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. भाभी पुढे झाल्या. “हमारे घर के हैं. भाई हैं मेरे.” त्याने माझं नाव वाचलं, त्यांचं नाव वाचलं, पुन्हा माझं वाचलं. मग चढत्या उन्हाकडे पाहिलं आणि हाताने आम्हा सगळ्यांना बोटीकडे हाकललं.

जायला पाऊण तास लागला. किनाऱ्याजवळचं पाणी मळकट हिरवं असतं, मग गडद निळं होतं, आणि बराच वेळ काहीच दिसत नाही. मग एकदम एक पांढरी रेघ येते. बोट जवळ गेली तसा पाण्याचा रंग असा काही उघडला की बोटीतली पोरंसुद्धा मोबाइल खाली ठेवून पाहायला लागली. जाहिरात खोटी नव्हती, हे मी कबूल करतो.

बेट एवढंसं आहे. रमतगमत फेरी मारली तरी चहा गार होणार नाही. कडेने मऊ पांढरी वाळू, मध्ये गुडघाभर खुरटी झुडपं आणि एक दीपस्तंभ. एप्रिलअखेर, म्हणजे आम्ही गेलो त्याच सुमारास, काळ्या टोपीचे, पांढऱ्या गालांचे समुद्रपक्षी अंडी घालायला यायला लागतात. झुडपांकडे गेलात तर ते डोक्यावर झेपावून ओरडतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. ऐन विणीच्या हंगामात उतरू देत नाहीत. उन्हाळ्यात जाणार असाल तर आधी चौकशी करा. मी लांबून पाहत बसलो. जोडीतला एक मासा घेऊन यायचा, दुसरा घ्यायचा. दोघांचं ते देणंघेणं बघून मला मत्सर वाटला. पक्ष्यांचा. इतकी माझी गत झाली होती.

सगळ्यांनी आपापल्या छत्र्या रोवल्या. प्रत्येक छत्रीखाली एक घर. कोणी कोणाच्या पाठीला क्रीम लावतंय, कोणी ओरडतंय, कोणी रुसलंय. मी माझी छत्री रोवली आणि डब्यातलं खुबूस, म्हणजे इथली अरबी रोटी, आणि चीज काढलं. भाभींनी ते पाहिलं आणि माझ्यापुढे तांदळाची भाकरी आणि तळलेली सुरमई ठेवली. मी दोन भाकऱ्या हाणल्या.

दुपारी बोट बेटाच्या कडेला, प्रवाळावर नांगरली. चष्मा आणि नळी बोटीवर मिळते. मी विहिरीत पोहायला शिकलेला माणूस. तळ दिसणाऱ्या पाण्याची मला सवय नाही. तोंड बुडवलं आणि खाली अख्खी वस्ती दिसली. तपकिरी, पिवळट प्रवाळाचे गड्डे, त्यांतून सुळकन निघणारे पट्ट्यापट्ट्यांचे मासे. आणि मग डाव्या हाताला, माझ्याकडे ढुंकूनही न बघता, एक कासव आलं. सावकाश पाय मारत माझ्या खालून गेलं. मी धडपडत वर आलो, नळी काढली आणि मोठ्याने ओरडलो, “वैशाली, बघ! बघ गं!”

सना शेजारीच पोहत होती. “अंकल,” तिने विचारलं, “हू इज वैशाली?”

मी म्हटलं, माझी बायको. ती इकडेतिकडे पाहायला लागली. तिला वाटलं, बायको पाण्यात असेल.

बोटीवर चढलो तेव्हा भाभी टॉवेल घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं. “वहिनी कधी येनार, भाऊ?” त्यांनी विचारलं. या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं आहे. इस्पितळात, लिफ्टमध्ये, मंडळाच्या गणपतीत, सगळीकडे मी ‘पुढच्या महिन्यात’ म्हणतो. त्या दिवशी ते तोंडातून निघालं नाही.

“येईल असं वाटत नाही, भाभी,” मी म्हणालो.

त्यांनी टॉवेल माझ्या हातात दिला. मग म्हणाल्या, “तिला इचारलंत?”

“नाही.”

“मग इचारा की. न इचारता कसले झुरताय?”

परतीच्या वाटेवर मी बोटीच्या मागच्या टोकाला बसलो. बेट लहान होत गेलं. मला रडू आलं, आणि वाऱ्यावर तोंड खारट झालेलं असल्याने ते कोणाला कळलं नाही. खिरानला उतरल्यावर खाडीच्या उथळ पाण्यात पोरं खेकडे पाहत होती. वेळ असेल तर तिथे थांबा, संध्याकाळचं पाणी फार सुंदर दिसतं. मी थांबलो नाही.

घरी येऊन आंघोळसुद्धा न करता फोन लावला. कासवाचं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग मी विचारलं, “वैशाली, तू परत येणार आहेस का?”

तिने तिकडचा पंखा बंद केल्याचा आवाज आला.

“नाही हो,” ती म्हणाली. “तिथे मी दिवसभर तुमची ड्युटी संपायची वाट बघायची. आता इथे पोरं माझी वाट बघतात. मला पुन्हा त्या फ्लॅटमध्ये बसवणार नाही.” आणि लगेच म्हणाली, “तुम्ही या ना. जमेल तेव्हा या. मी नाही येऊ शकत.”

मी रागावेन असं मला वाटलं होतं. रागावलो नाही. खूप दुखलं, आणि दुखत असूनही बरं वाटलं, कारण कितीतरी दिवसांनी आम्ही भाजी सोडून काहीतरी बोललो होतो. नोकरी कधी सोडायची, ते मला आजही ठरवता आलेलं नाही. लिफ्टमध्ये कोणी विचारलं तर मात्र आता खरं सांगतो.

कुब्बरला जरूर जा. कासव दिसेलच असं नाही.

त्या दिवशी फोन ठेवण्याआधी, काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, “तुझे कपडे पाठवून देऊ का मग? कपाट भरलंय.”

“द्या पाठवून,” ती म्हणाली. आणि मग, “माझी निळी शाल मात्र राहू द्या तिकडेच. थंडीत तुम्ही तीच पांघरता.”