खाडीखालचं नगर आणि करंदीकर सर

आमच्या लॅबमध्ये धूळ जमते तसेच किस्से जमतात. कितीही झाडा, कोपऱ्यात थोडे उरतातच!

लॅब चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये. कुठे पूल, टॉवर, जेट्टी बांधायची असली की आधी जमिनीत बोअर मारतात, खालची माती नि दगड वर काढतात आणि तपासायला आमच्याकडे पाठवतात. मुंबईच्या पोटात काय आहे ते आम्ही रोज टेबलावर मांडून बघतो. आणि मी इथे लागले तेव्हापासून डब्याच्या वेळी एकच वाद चालू आहे. गोराईच्या समुद्राखाली बुडालेलं ते जुनं नगर खरंच होतं का?

वाद घालणारे दोघं. आमचे मुख्य इंजिनियर करंदीकर सर म्हणतात, नव्हतं. लॅबमधला माझा जोडीदार पास्कल, गोराईचाच, पिढ्यान् पिढ्या मासेमारी करणाऱ्या घरातला. तो म्हणतो, होतंच! त्याच्या गावात सगळे सांगतात, तिथे दगडी रस्ते होते, बाजार होता. एका दुपारी समुद्र आत आला आणि परत गेलाच नाही.

"पुरावा?" सरांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"सर, तुमचे खापरपणजोबा होते याचा काय पुरावा?"

"मी आहे ना!"

पास्कलने बोंबलाचा तुकडा तोंडात टाकला. "मग मी पण आहे ना!"

* * *

एकदा मुलुंडहून एक रिटायर्ड मास्तर आले. सोबत फडक्यात गुंडाळलेला दगड. किनाऱ्यावर फिरताना सापडलेला. "हा त्या नगराच्या तटबंदीचा आहे. तुम्ही फक्त तपासून द्या."

सरांनी मला खूण केली. मी तुकडा कापला, बघितला, आणि मला फार वाईट वाटलं हो. साधं सिमेंट काँक्रीट! कुठल्यातरी पडलेल्या भिंतीचं. कसं सांगायचं? शेवटी सांगितलं.

मास्तरांनी तुकडा हातात घेऊन उलटसुलट केला. मग एकदम चेहरा उजळला.

"बघा! म्हणजे त्या लोकांना सिमेंटसुद्धा येत होतं!"

सर हसत हसत आत गेले. मास्तरांनी दगड पुन्हा नीट गुंडाळला, लहान बाळाला दुपट्यात गुंडाळावं तसा.

* * *

गवाणकर आमचे जुने ड्रिलर. मूळचे मालवणचे. रॉडला नुसता हात लावून खाली चिखल आहे की खडक ते सांगतात. गोराईच्या खाडीत तराफ्यावरून बोअर चालू होता. खडक लागला, मशीन घरघरत होतं, आणि अचानक रॉड सटकन खाली गेला. पुरुषभर उंचीची पोकळी. त्याखाली पुन्हा कडक.

सर म्हणाले, "खडकात पोकळ्या असतात. बाजूला घ्या."

बाजूला घेतलं. पुन्हा तेवढ्याच खोलीवर, तेवढीच पोकळी. तिसऱ्या ठिकाणीही तेच. चौथ्या ठिकाणी मात्र वरपासून खालपर्यंत सलग दगड.

गवाणकरांनी मशीन बंद केलं. "सायेब, ही खोली आसा. आणि ही भिंत."

"'पोकळी' लिहा, गवाणकर."

"लिवतंय." त्यांनी कानावरची पेन्सिल काढली. "फकस्त दार खंय आसा ता गावला नाय, म्हणान पण लिवू?"

* * *

त्याच खाडीतून सीलबंद नळीत चिकणमाती आली होती. मी नळीच्या तोंडावरचं मेण काढलं, माती ट्रेमध्ये सरकवली. पास्कल पलीकडच्या टेबलावरून ओरडला, "कोणी डबा उघडला रे एवढ्यात?"

अकरा वाजत होते. कोणीच उघडला नव्हता.

वास ट्रेमधून येत होता. करपलेल्या भाताचा! मातीत काळा, पातळ थर होता, तव्याच्या बुडासारखा. सर आले, वाकले, आणि वाकलेलेच राहिले.

"सेंद्रिय पदार्थ कुजला की वास येतोच," ते म्हणाले. पण आवाज बारीक होता.

पास्कल ट्रेकडे बघत राहिला. चेष्टेवारी नेलं नाही त्याने त्या दिवशी.

"घाईत उतरवायचा राहिला असणार, सर."

त्या दिवशी कोणीच भात खाल्ला नाही. मी डबा तसाच घरी नेला.

* * *

आता हा शेवटचा. गेल्या हिवाळ्यातला.

गोराईला जेट्टीचं काम निघालं. मोठी ओहोटी असली की तिथे समुद्रात काळ्या दगडांची एक सरळ रांग उघडी पडते. गावातले म्हणायचे, तो नगराचा रस्ता, त्यावर खांब ठोकू नका. पास्कलच्या काकांनी तर सरांचे हात धरले. सरांनी 'नैसर्गिक' असा शेरा मारला की खांब तिथूनच जाणार होते.

"मी स्वतः बघतो," सर म्हणाले. "एकदाचा निकाल लावू."

दुपारचं लख्ख ऊन. पाणी लांब गेलेलं. सर हातोडी घेऊन रांगेवरून एकटेच निघाले. मी आणि पास्कल वाळूत उभे. सर वाकत होते, ठोकत होते, वहीत लिहीत होते. बरंच आत गेल्यावर एका जागी थांबले. खाली बसले. मग उठून पाच-सहा पावलं पुढे गेले आणि नुसतेच उभे राहिले. आमच्याकडे पाठ करून. आजूबाजूला बघत, कोणी ओळखीचं भेटेल अशा नजरेने.

"सर, पाणी फिरलं!" पास्कल ओरडला. दोनदा, तीनदा. शेवटी तो धावत गेला आणि दंडाला धरून त्यांना घेऊन आला.

सर अनवाणी होते! तळवे शिंपल्यांनी कापलेले. मागे रांग पाण्याखाली जात होती.

"काय होतं तिथे, सर?" मी विचारलं.

"काही नाही. दगड. नैसर्गिक आहे सगळं."

"मग बूट कुठे?"

त्यांनी पायांकडे पाहिलं. मग माझ्याकडे, मी काहीतरी खुळ्यासारखं विचारल्यासारखं.

"उंबऱ्याबाहेर काढले ना. बूट घालून कोणी कुणाच्या घरात जातं का?"