यवन मंडळाची पाटी

पहिल्या पाटीवर ‘युनानी मंडळ’ असं लिहिलं होतं. तिच्यामुळे आमच्याकडे रोगी येऊ लागले. औरंगाबादेत युनानी म्हणजे हकिमाचं औषध. ग्रीक हा दुसरा अर्थ कुणाच्या डोक्यात येण्याचं कारण नव्हतं. हर्सूलहून एक म्हातारा रिकामी बाटली घेऊन आला, उंबऱ्यावर बसला आणि पोटात गोळा उठतो म्हणून सांगू लागला. आत त्या वेळी रोमन जहाजं तांबड्या समुद्रातून कोणत्या वाऱ्यावर निघत, यावर वाद चालला होता. म्हाताऱ्यानं तो शांतपणे ऐकून घेतला. मग म्हणाला, “वारा तर माझ्या बी पोटात हाय. त्याचं काय करता?”

त्याच बैठकीत नाव बदलायचं ठरलं.

पोलीस ॲक्शनला आठ-दहा वर्षं होऊन गेली होती. मी एका मराठी दैनिकाचा वार्ताहर होतो. प्राचीन ग्रीस आणि रोम यांची आवड असलेली सात-आठ माणसं दर रविवारी सकाळी एकत्र बसत. त्यांत संस्कृतचे एक प्राध्यापक होते. ते पुण्याहून इथल्या कॉलेजात आले होते आणि लॅटिन स्वतःच्या बळावर शिकले होते. देवगाव रंगारीकडचे एक वकील होते; शेती भावांकडे सोपवून ते शहरात आले होते आणि रोमन कायद्याच्या वाटेनं या छंदात शिरले होते. बैठक ज्यांच्या घरी भरे ते निवृत्त फारसी शिक्षक होते. ते मौलवी नव्हते, पण गाव त्यांना मौलवीसाहेबच म्हणे. ग्रीक विद्या त्यांच्याकडे अरबी-फारसीतून आली होती. त्यामुळे एकाच ग्रीक माणसाची तीन नावं बैठकीत फिरत, आणि तो एकच आहे हे कळायला कधीकधी अर्धी सकाळ जाई. वर्षातून एकदा पैठणला जाऊन नदीकाठची खापरं वेचायची, असाही कार्यक्रम असे. रोमन सुरईचा कान म्हणून वकिलांनी जपून आणलेला तुकडा लोणच्याच्या बरणीचा निघाला होता.

मौलवीसाहेबांचा दिवाणखाना मोठा होता. पूर्वी संध्याकाळी तिथे फारसी शिकणारी मुलं बसत. शाळेतला फारसीचा वर्ग बंद झाला, मुलं आटली. नोकरी टिकवायची तर मराठीची परीक्षा देणं भाग होतं. ती त्यांनी दिली, उरलेली वर्षं भूगोल शिकवला आणि घरी बसले. एकुलता मुलगा हैदराबादला नोकरीत होता. घरात ते आणि त्यांच्या बेगम, एवढीच माणसं. बेगमना आमच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं. आतल्या पडद्याशी बांगड्या वाजल्या की चहा आला, एवढं आम्हाला कळे. वकील दोन कप पीत आणि दर वेळी बजावत, “घरी बोलू नका राव कुणी. आमच्या आईला वाटतं, मी इथं नुसतं पाणी बी पीत नाय.”

शेजारी हिमरूचं कापड विणणारा कारखाना होता. रविवारीही माग चालत. त्या खटखटीत कुणाचंच व्याख्यान एका सुरात होत नसे. मौलवीसाहेब तर बसतच नसत. कुणी यायचं राहिलं असेल तर दाराशी जात, परत येत, खुर्ची सरकवून ठेवत, पुन्हा जात.

नवं नाव प्राध्यापकांनी सुचवलं. त्यांनी फळ्यावर एकच शब्द लिहिला : यवन.

“आयोनिया हा ग्रीकांचा प्रांत. तिथला तो यवन,” ते म्हणाले. “व्याकरणकारांना हा शब्द ठाऊक आहे. लेण्यांमधल्या लेखांत यवनांनी दान दिलेल्या खांबांची नोंद आहे. ग्रीकांना आपण याच नावानं हाक मारत होतो. औषधाचा गोंधळ नको, इंग्रजीची उसनवारी नको. यवन मंडळ!”

ते खुश होते. बखरींपासून शाळेच्या पुस्तकांपर्यंत यवन म्हणजे मुसलमान, आणि बहुतेक ठिकाणी शत्रू, हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. प्राध्यापकांनाही माहीत असणारच, पण त्या घटकेला ते दोन हजार वर्षं मागे उभे होते. वकिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी मौलवीसाहेबांकडे पाहिलं.

“चांगला शब्द आहे,” मौलवीसाहेब म्हणाले. “लावा पाटी.”

पाटी रंगवणाऱ्यानं मजकुराचा कागद दोनदा वाचला. “कुणाच्या दारावर लावायची म्हणलात?” त्यानं विचारलं. पत्ता सांगितल्यावर ब्रश बाजूला ठेवून तो म्हणाला, “नाय म्हंजे, त्यांना इचारलं का?”

विचारलं आहे, असं त्याला सांगावं लागलं.

पुढच्या शनिवारी बैठकीची बातमी मी दैनिकाकडे पाठवली. मुद्रितशोधकाला ‘यवन मंडळ’ हा छापखान्याचा खिळा चुकल्यासारखा वाटला. त्यानं तो दुरुस्त करून ‘युवक मंडळ’ केला. रविवारी सकाळी दहा-बारा तरुण दारात आले. कबड्डीचं मैदान कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. मौलवीसाहेबांनी त्यांना पाणी दिलं, पाटी दाखवली आणि आयोनिया कुठे आहे ते सांगितलं. निम्मे तेवढ्यात निघून गेले.

गल्लीतल्या लोकांचं पाटीवरून बोलणं सुरू झालं. टांगेवाला दारापाशी टांगा हळू करी आणि ओरडे, “मौलवीसाब, ये तो मालूमच था, लिखने की क्या जरूरत थी!” कोपऱ्यावरचा पानवाला गिऱ्हाइकाला पत्ता सांगताना आता ‘यवनाच्या घराला लागून’ म्हणू लागला. मौलवीसाहेब कुणावर चिडले नाहीत. संध्याकाळी ते दाराशी खुर्ची टाकून बसत, आणि जो कुणी पाटीकडे पाहून हसे त्याला थांबवून शब्दाची कुळकथा सांगत. लोक टाळू लागले, तरी ते बसत.

मुलगा आला तो रविवारी, ऐन बैठकीत. हैदराबादची गाडी उशिरा पोचली होती. तो आत आला नाही. दारातच बॅग ठेवून त्यानं वर पाहिलं. शिक्षण उर्दूतून झालेलं; पाटीवरची अक्षरं त्यानं सावकाश जुळवली. त्याला घेऊन आलेला टांगेवाला अजून गेला नव्हता. अर्थ त्यानंच पुरवला असावा.

“अब्बा,” मुलगा म्हणाला, “ये क्या लगा के रखे दरवाजे पो? गाली? अपने ही घर पो?”

“गाली नहीं, बेटा. पुराना लफ्ज है. युनानियों का.”

“कौन युनानी? इधर कौन समझता? लोगां हँसरे बाहर!” मग तो आमच्याकडे वळला आणि स्वच्छ मराठीत म्हणाला, “तुमच्यापैकी एकाच्याही दारावर ही पाटी लागली असती का?”

माग चालूच होते. प्राध्यापकांच्या हातातलं पुस्तक उघडं होतं. त्यांनी ते मिटलं, पुन्हा उघडलं आणि खाली ठेवलं. तो दुसरा अर्थ त्यांच्या ध्यानात आता आला, हे सगळ्यांना दिसत होतं.

बापलेकांचं बोलणं आमच्यासमोरच झालं. घर विकायचं, दोघांनी हैदराबादला यायचं, हे मुलगा वर्षभर म्हणत होता. घर बघून गेलेलं गिऱ्हाईकही तयार होतं.

“इतवार को मंडल बैठता इधर,” मौलवीसाहेब म्हणाले.

“मंडल नहीं रहता तो?”

मौलवीसाहेबांनी जवळची खुर्ची सरकवून सरळ केली. “तो आ जाता,” ते म्हणाले.

मुलगा संध्याकाळच्या गाडीनं परत गेला.

पुढच्या रविवारी प्राध्यापक बैठकीला पोचले नाहीत. मौलवीसाहेब तीनदा दारापर्यंत जाऊन आले. अखेर मी बाहेर पडलो, तर प्राध्यापक समोरच्या बाजूला, कारखान्याच्या भिंतीशी उभे. छत्री या हातातून त्या हातात घेत होते.

“चला ना आत,” मी म्हटलं.

“मला त्या पाटीखालून जाता येत नाही,” ते म्हणाले. “दोनदा पायरीपर्यंत गेलो. गावाच्या वाचनालयात एक खोली मिळते. मी बोललो आहे तिथे. आपण बैठक तिकडे हलवू. त्यांना त्रास नको.”

हे आत जाऊन सांगणं माझ्याकडे आलं. मी सांगितलं. दोघा-तिघांनी लगेच माना डोलावल्या; सुटका झाल्यासारखं त्यांचं तोंड झालं. त्रास नको, हे शब्द सगळ्यांनी एकेकदा उच्चारले.

“त्रास कुणाला?” मौलवीसाहेबांनी विचारलं.

वकील म्हणाले, “मौलवीसाब, सोपं करू. पाटी काढू. बैठक इथंच. मीच चढतो शिडीवर.”

“नक्को.” मौलवीसाहेब पुढे मराठीत बोलले, परीक्षेसाठी शिकलेल्या, शब्द निवडून ठेवणाऱ्या मराठीत. “हा शब्द मला पहिल्यांदा परीक्षेच्या पुस्तकात भेटला. मी मास्तरांना अर्थ विचारला. ते भले गृहस्थ होते. खाली बघून म्हणाले, म्हणजे, तुमचे लोक. नंतर प्रोफेसरसाहेबांनी तो फळ्यावर लिहिला आणि माझ्या अंगावरून काढून ग्रीकांना परत दिला. मी कशाला अडवू? अर्थ मला माहीत होता, म्हणूनच तर हो म्हटलं. आता पाटी काढली तर तो शब्द परत माझ्याकडे येतो.”

“मग वाचनालय?” कुणीतरी विचारलं.

“जा ना. पाटी ठेवून जा. पण मुलाला मी काय म्हणालो ते तुम्ही ऐकलंत. इथे दुसरं कुणी येत नाही.”

पेच उघड होता. पाटी राहिली तर प्राध्यापक येणार नव्हते, आणि ते नसतील तर लॅटिन वाचणारं कुणी उरत नव्हतं. मंडळ दोन महिन्यांत मोडलं असतं. बैठक हलली तर घर जाणार होतं. वकील उठून खिडकीशी गेले. समोर छत्री तशीच दिसत होती.

“काय माणूस हाय,” ते म्हणाले. “शब्द ह्यानंच आणला, आन् आता ह्योच भितो त्याला. आत यायला दुसरी वाट असती तर बरं झालं असतं.”

मौलवीसाहेब थांबले. घराला दुसरं दार होतं. ते मागच्या गल्लीत उघडत असे, आणि तिथून आत यायचं तर जनान्याच्या अंगणातून, चुलीच्या समोरून यावं लागे. त्या दारानं नात्याबाहेरचा पुरुष कधी आला नव्हता. त्यांचे सख्खे चुलतभाऊसुद्धा पुढूनच येत.

ते पडद्याशी गेले. आत गेले नाहीत; पडद्याकडे तोंड करून हळू बोलले. आम्ही जमिनीकडे, फळ्याकडे, कुठेतरी बघत राहिलो. मौलवीसाहेबांनी पडद्याची कड बोटांत धरली होती, ती सोडून दिली.

मग बाईंचा आवाज आला. तो आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. तो अपेक्षेपेक्षा मोठा होता.

“आने दो. मगर पहले खाँसना बोलो.”

वकील जवळजवळ पळतच बाहेर गेले. प्राध्यापकांना त्यांनी काय सांगितलं ते ऐकू आलं नाही, पण छत्री हलली आणि मागच्या गल्लीकडे वळली. आम्ही वाट पाहत राहिलो. काही वेळानं घरामागून खोकण्याचा आवाज आला. आम्ही कान देऊन होतो म्हणून तो कळला; मागांच्या खटखटीत चुलीपाशी काम करणाऱ्या बाईंच्या तो ध्यानात येत नसावा. खोकणं वाढत गेलं. अखेर त्यात खरा ठसका मिसळला, तेव्हा आतून बाई ओरडल्या, “बस, बस, सुन लिए! आ जाओ, मर जाते नहीं तो!”

पडदा हलला. प्राध्यापक आतून दिवाणखान्यात आले. तोंड लाल झालं होतं, छत्री काखेत होती, आणि दोन्ही हातांत चहाचा मोठा ट्रे.

“त्या म्हणाल्या,” ते अडखळत म्हणाले, “इधर से जारे तो ये भी लेते जाओ.”

मौलवीसाहेबांनी ट्रेकडे पाहिलं. तो त्यांनी घेतला नाही. प्राध्यापकांनाच चहा वाटू दिला. वकिलांनी पहिला कप उचलला.

“आता तुम्ही घरी काय सांगणार, प्रोफेसर?”

“कुणाच्या घरी?” प्राध्यापकांनी विचारलं. त्यांना खरोखरच समजलं नव्हतं. मौलवीसाहेब हसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “अखबारवाले, हैदराबादला कळवायचं आहे. लिहा, या वर्षी येत नाही.”