गळलेला गॅस गेला कुठे?

बाईंना घरीदारी सगळे ‘चौकशीखातं’ म्हणत. पूर्वी त्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. शाळा बंद पडली आणि त्यांच्या प्रश्नांना गिऱ्हाईकच उरलं नाही. मग दिवसभर सासूबाईंचं डोकं खाणं सुरू झालं. विद्यापीठातल्या एका प्राध्यापिकेनं त्यांना मदतीला बोलावलं, तेव्हा सासूबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला.

काम नवलाचं होतं. सगळं विद्यापीठ मिळून हवा तापवणारे वायू किती सोडतं, ते मोजायचं. बाई हरखूनच गेल्या. बसगाड्यांचं डिझेल, वसतिगृहाच्या भटारखान्यातला गॅस, इमारतींची वीज. जिथे म्हणून काही जळतं तिथे त्या डोकावून आल्या.

एका संध्याकाळी धाकटे दीर जेवताना म्हणाले, “उद्या लवकर निघतो. तुमच्याच विद्यापीठात जायचंय. बियाणं ठेवतात त्या थंड खोलीच्या यंत्रात गॅस भरायचाय.” दिरांचा फ्रीज, एसी दुरुस्तीचा धंदा होता.

“मागच्या वर्षीही भरलात ना?” बाईंनी विचारलं.

“दर वर्षी भरतो.”

“पण भाऊजी, तो जळत तर नाही. नळ्यांतून आतल्या आत फिरतो. मग आधीचा जातो कुठे?”

“गळतो, वहिनी.”

“गळून कुठे जातो?”

“हवेत! आणखी कुठे जाणार, माहेरी?”

सासूबाई खो खो हसल्या. बाईंचा घास मात्र हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ही गोष्ट प्राध्यापिकेच्या कानावर घातली. दोघींनी हिशेब मांडला. हवा तापवण्यात त्या गॅसचा एक किलो हजारो किलो कार्बन डायऑक्साइडला भारी. ती एवढीशी खोली विद्यापीठाच्या सगळ्या बसगाड्यांना मागे टाकत होती!

“देखभाल विभागानं गळती शून्य सांगितली होती,” प्राध्यापिका कपाळाला हात लावत म्हणाली, “आणि आपण दोघींनी ती मुकाट्यानं खरी धरली.”

हे दिरांना कळलं आणि ते बिथरले. “म्हणजे इतकी वर्षं हवा मीच नासवली? घरच्याच माणसानं माझ्या नावानं बोंब मारायची?”

“अहो, मला गळती शोधायचीय, गुन्हेगार नाही.”

दिरांनी अबोला धरला. बाईंना चुटपुट लागून राहिली, पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. शेवटी एका सकाळी दीरच दारात उभे राहिले. “चला. नळी बदला म्हणून मी देखभालवाल्यांना कितीदा सांगितलं, पण ऐकतं कोण? आज दाखवूनच देऊ.”

यंत्रामागच्या अडचणीत दीर ब्रशानं नळीला साबणाचा फेस लावत गेले, बाई बॅटरी धरून मागे. बराच वेळ काही दिसेना. मग भिंतीजवळ, नळी आधाराच्या लोखंडी पट्टीला घासत होती त्या वळणावर, एक बारीक बुडबुडा हळूहळू फुगू लागला.

“फुगला! भाऊजी, फुगला!” बाई ओरडल्या. बॅटरी हातातून निसटलीच.

“वहिनी, उजेड!” दीर म्हणाले, पण त्यांनाही हसू आवरत नव्हतं.

अहवालातला आकडा चांगलाच फुगला, आणि कुलसचिव कुरकुरले, “तुम्हाला मोजायला सांगितलं होतं, वाढवायला नाही!” पण नळी बदलली. पुढच्या वर्षी दिरांनी यंत्राचा दाब तपासला आणि भरलेला सिलिंडर तसाच परत नेला. जाता जाता वहिनींना सांगावं म्हणून ते शोधत गेले, तर बाई मैलापाण्याच्या टाकीवर नाकाला पदर लावून ओणवलेल्या.

“भाऊजी, बरे आलात,” त्या म्हणाल्या, “यातून काय निघत असेल हो?”