म्हाळसाच्या नावावरची पटकी

वाचनालयाच्या वर्धापनदिनी सावळाराम गुरुजींच्या हाती माईक लागला आणि घात झाला.

निवृत्तीनंतर कोणाला नातवंडांचा नाद लागतो, कोणाला तपकिरीचा. गुरुजींना लागला जुन्या दप्तरांचा. बारामतीच्या कचेरीत बसून त्यांनी गावचं बेचाळीस सालचं मृत्यूंचं रजिस्टर उतरवून आणलं होतं. 'मरणाचं कारण' या रकान्यातल्या एकेका जुन्या शब्दाची ते माईकवरून उकल करत होते. घटसर्प म्हणजे घशाचा रोग, पटकी म्हणजे कॉलरा. आणि भरात येऊन बोलून गेले, "त्या साली पटकीनं गेलेली गावातली पहिली व्यक्ती, म्हाळसा बिरू कोकरे." टाळ्या पडल्या. मरणाच्या यादीला टाळ्या देणारं गाव विरळाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हाळसाची मुलगी रंगूबाई दारात. साठीची, काटक, डोक्यावरचा पदर आवळून घेतलेला. चहाचा कप तिनं आला तसा बाजूला सारला.

"गुर्जी, आई मला आठवत बी न्हाय. पर काल तुमी तिला पुन्यांदा मारली."

गुरुजींनी आपला कप खाली ठेवला. गावात ऐकलेलं त्यांना आता आठवलं. इंदापूरकडच्या माहेराहून म्हाळसा यात्रेसाठी सासरी परतली आणि यात्रा सरली त्या रात्रीच गेली. पाठोपाठ आणखी माणसं गेली. गावानं निकाल दिला, हिनंच इंदापुराहून मरी आणली. त्या निकालापायी रंगूबाईला बाहेरून मागणी आली नाही. गावातल्या आत्यानंच तिला सून करून घेतली. आषाढात मरीआईला तिचा निवद आजही सगळ्यांच्या शेवटी.

"इतकी वर्सं मागनं कुजबुजायची. आता तोंडावर म्हन्त्यात, सरकारात बी लिवलंय, गुर्जींनी वाचलं."

"अहो, पण कागदात आहे तेच मी..."

"तिच्या आदूगर कोन मेलं, त्ये का न्हाय वाचलं?"

"आधी पटकी नाहीच. आधी नुसता ताप आहे."

"कसला ताप?"

गुरुजींनी उतरवलेले कागद चाळले. अवघड शब्द त्यांनी घासूनपुसून उकलले होते. ताप सोपा, म्हणून त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं.

दोघं एसटीनं बारामतीला गेले. कचेरीत गुरुजींनी या वेळी शेजारचे रकानेही वाचले. एका मेंढक्याच्या घरात नवरा, बायको, थोरला पोरगा एकाच दिवशी गेलेले, कारण ताप. शेजारच्या घरात सासूसुना एका रात्रीत, ताप. यात्रेच्या तारखेपर्यंत ताप, ताप, ताप. यात्रा सरली, म्हाळसा गेली, आणि तिथून खाली सगळी पटकी.

"घरंच्या घरं एका दिवसात नेणारा ताप मी नाही ऐकला," गुरुजी पुटपुटले.

मग त्यांचं डोकं तापलं. पटकी म्हणून लिहिलं की सरकारी माणसं यायची, विहिरींत औषध टाकायची, यात्रा बंद करायची. रजिस्टर लिहिणारा पोलीस पाटील. यात्रेत पहिला मानही त्याचाच. मान हुकू नये म्हणून त्यानं पटकीला ताप केलं, आणि मानाचा नारळ घेऊन घरी गेल्यावर मग त्याला खरं सुचलं.

रंगूबाईनं त्या पानावर बोट ठेवलं. वाचता येत नव्हतं, तरी आईचं नाव कुठं ते तिनं विचारून घेतलं होतं.

"म्हंजी पटकी गावात आदीच व्हती. ठावं असून आईला यात्रेला बोलावली, मारली, आन वर आळ बी तिच्यावरच."

परतीच्या एसटीत गुरुजी पाटलाच्या सात पिढ्यांना असे काही बोलले, की कंडक्टर तिकिटं फाडायचं थांबला. पण गावचा फाटा जवळ आला तसा त्यांचा आवाज उतरत गेला. पाटलाचा नातू विजयसिंह वाचनालयाचा अध्यक्ष होता. माईकही त्याचाच.

"रंगूबाई," ते खाकरून म्हणाले, "मी असं करतो, वाचनालयाच्या अंकात एक लहानशी टीप देतो. शेवटच्या पानावर. कोणाचं नाव न घेता, सबुरीनं."

रंगूबाईनं पिशवी उचलली, पदर खोचला आणि उतरता उतरता म्हणाली,

"माईकवर बोल्ला न्हवं, त्ये आता माईकवरच गिळा."